भांडकुदळ पूर्वज कसा मिळवावा
(नवशिक्या वंशशोधकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका)

वंशावळ काढायची हौस माणसाला चार प्रसंगी होते. जमिनीची वाटणी निघते, मुलीला जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं असतं, महालयात गुरुजी पणजोबांचं नाव विचारतात आणि सगळं घर एकमेकांकडे बघत बसतं, किंवा निवृत्तीनंतरची पहिली हौशी सहल आटोपते. पहिल्या तिघांसाठी वकील, अर्ज लिहून देणारे आणि स्वतः गुरुजी अशी यंत्रणा केव्हाचीच उभी आहे. ही मार्गदर्शिका चौथ्यांसाठी.

पूर्वज कोणता घ्यावा

पानिपतावर पडलेला घेऊ नये. १७६१ च्या जानेवारीत तिथे जेवढे मराठे पडले, त्यांची भरपाई आपल्या घराण्यांनी नंतर दिवाणखान्यात बसून दामदुपटीनं केली आहे. प्रत्येक घरात एक पानिपतवीर असतो आणि त्याची एक तलवार असते. ती तलवार एका काकांनी मोडीत घातलेली असते. या पलीकडे कागद नाही.

दुसरा मोह मूळपुरुषाचा. ज्याच्या मागचं कुणालाच काही ठाऊक नाही, तो मूळपुरुष. तो राजस्थानातून, कर्नाटकातून किंवा नुसताच ‘वरून’ येतो, एका झाडाखाली उतरतो आणि त्याला दृष्टान्त होतो. त्याच्याबद्दल नातेवाइकांत कधीही दुमत नसतं, यावरूनच त्याच्या खरेपणाबद्दल शंका घ्यावी.

तिसरी गोष्ट गणिताची. आईवडील दोन, आजी-आजोबा दोन्हीकडचे मिळून चार, त्यांच्या मागे आठ. असं दहा पिढ्या मागं गेलं की १,०२४ पूर्वज होतात. मामाची मुलगी करायची रीत असलेल्या घरांत हा आकडा कमी भरतो, कारण तीच माणसं दोन-दोन जागा धरून बसतात. तरी शेकड्यांत राहतोच. दिवाणखान्यातला चौकटीतला वंशवृक्ष या गर्दीतल्या एका पुरुषाला बुंध्यात उभा करतो आणि उरलेल्या हजारभर माणसांना पारंबीसुद्धा देत नाही. त्यात निम्म्या बायका असतात. श्राद्धाच्या वेळी वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात. भिंतीवरच्या वृक्षाला तेवढीही सक्ती नाही.

मग पूर्वज मागावा कसा? गरीब चालेल. कर्जबाजारी असला तर उत्तम. भांडखोर मिळाला तर देवाला नारळ फोडा. माणूस सुखासमाधानात जगला म्हणून सरकारदरबारी त्याची नोंद होत नाही. त्यानं सारा थकवला, शेजाऱ्याचा बांध कोरला, भावाला कोर्टात खेचलं, बैल गहाण टाकला किंवा तो मेला, तरच कारकून लेखणी उचलतो. ज्यांच्या घरात चार पिढ्या सगळे गुण्यागोविंदानं नांदले, त्यांनी पुढे वाचून काही फायदा नाही.

आत्या आधी, काका नंतर

कागदाला हात लावण्याआधी माणसं गाठावीत, आणि ती क्रमानं गाठावीत. ‘वंशावळ काढतोय’ असं गावात कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याला ‘हिस्सा मागायला आलाय’ असं ऐकू जातं. काका चहा देतील, पाऊसपाण्याचं बोलतील, पण आपल्या वडिलांना भावंडं किती होती हे त्यांना त्या दिवशी नेमकं आठवणार नाही. फार तर ‘तसं काही विशेष नाही रे आपल्या घराण्यात’ असं म्हणून ते दाराकडे बघतील. आत्येचं तसं नसतं. तिनं हक्कसोडपत्रावर पूर्वीच सही करून टाकलेली असते, त्यामुळे खरं बोलण्यात तिचं काही जात नाही. कोणाचं कोणाशी बोलणं नव्हतं आणि कशावरून, कोणाची पहिली बायको बाळंतपणात गेली, कोणाला दत्तक दिलं आणि मग कसा पश्चात्ताप झाला, हे सगळं तिच्यापाशी तारीखवार आहे.

तारखा मात्र तिच्या पद्धतीच्या असतात. ‘प्लेगात रानात झोपड्या घातल्या तेव्हा’, ‘मानमोडीच्या साली’, ‘गांधींना मारलं आणि वाडे पेटले तेव्हा’, ‘पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा पाळण्यात होता’. यातलं काही तिनं पाहिलेलं, काही तिच्या आईकडून ऐकलेलं. हसू नका, लिहून घ्या. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. वाडे पेटले ते १९४८ साली. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. हिशेब केलात तर आत्येची तारीख शाळेच्या दाखल्यापेक्षा पक्की निघते. दाखल्याप्रमाणे निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे. गुरुजींनी पोराच्या उंचीकडे बघून वर्ष ठरवलं आणि शाळा उघडायच्या सुमाराची तारीख टाकली. तरी शाळेचं जनरल रजिस्टर उघडून घ्याच. घराण्याला आडनाव पहिल्यांदा लागलं ते बऱ्याचदा त्याच पानावर. दोन सख्खे भाऊ दोन शाळांत गेले असतील, तर एकाचं आडनाव गावावरून आणि दुसऱ्याचं धंद्यावरून पडलेलं सापडतं. त्यांची नातवंडं आज एकमेकांना ओळखत नाहीत, याचं कारण एवढंच असू शकतं.

गोत्राबद्दल आत्येला फार छळू नका. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्यानं काश्यप सांगावं अशी सोय शास्त्रानंच करून ठेवली आहे.

सातबाऱ्याची उलटी वाट

जमीन असेल तर आता तलाठ्याकडे. जुना हस्तलिखित सातबारा शेतकरी उद्यासाठी वाचतो. तुम्ही तो मागे मागे वाचायचा. कंसात टाकलेली नावं म्हणजे ज्यांचा हक्क संपला ती माणसं. आपले बहुतेक लोक तिथेच भेटतात. नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकाची नक्कल मागा. तिथे लिहिलेलं असतं, की अमुक खातेदार अमुक तारखेस मयत झाला, त्यास वारस मुलगे इतके, विधवा अमुक. त्या मयताच्या नावाला आधीचा फेरफार चिकटलेला असतो, त्याच्या मागे आणखी एक. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत १९०३ च्या कायद्यानं सुरू झाली, तेव्हा नशीब बरं असेल तर विसाव्या शतकाच्या उंबऱ्यापर्यंत या वाटेनं जाता येतं. मराठवाडा निजामाकडे होता. तिथे उर्दू आणि फसली साल आडवं येतं, आणि १९५४ चं खासरा पाहणी पत्रक हा मोठा आधार ठरतो. विदर्भाची दफ्तरं मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या वळणाची. म्हणजे एकाच घराची एक शाखा लातूरला आणि दुसरी सोलापूरला असेल, तर दोन राज्यांचा इतिहास शिकावा लागतो.

भाषेची थोडी तयारी हवी. बाप सांगायला ‘बिन’ येतं, मराठवाडा-खानदेशात ‘वलद’, नवरा सांगायला ‘कोम’. राघू बिन सखाराम बिन राघू. मुलाला आजोबाचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे घरात दोनच नावं आळीपाळीनं येतात, आणि तुम्ही कोणत्या राघूपाशी उभे आहात हे वेळोवेळी चाचपावं लागतं. ‘अ.पा.क.’ दिसलं की अज्ञान पालन कर्ता, म्हणजे बाप लवकर गेला आणि मूल लहान होतं. आणि ‘ए.कु.मॅ.’ दिसलं की सावध व्हा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लागलं, धाकटे तिघे त्या तीन अक्षरांत गडप. ते होते, राबत होते, जेवत होते, पण कागदाच्या लेखी ते थोरल्याच्या नावामागची टिंबं आहेत. ते प्रकट होतात कधी? थोरल्याशी भांडले की. वाटणीचा फेरफार पडतो आणि तिघे एका ओळीत उभे राहतात, नाव, हिस्सा, गुंठे यांसह. गोडीगुलाबीनं राहिले असते तर तुम्हाला ते कधीच भेटले नसते.

मुलींचं तर विचारूच नका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस नोंदींत मुलगे असताना मुली क्वचितच दिसतात. त्यानंतर दिसू लागतात, त्या बहुधा हक्क सोडण्यापुरत्या. लेक वडिलांच्या कागदात येते ती सही करून बाहेर जायला. तरी त्या एका सहीनं तिचं सासरचं गाव कळतं, आणि तेवढ्या धाग्यावर अख्खी शाखा ओढून काढता येते. म्हणून हक्कसोडपत्र टाकू नका, घरात ते कितीही अडचणीचं असलं तरी.

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना नंबर चौदा आणि कोतवाल बुक. तालुक्याच्या अभिलेख कक्षात धूळ झटकायची तयारी ठेवा. मृत्यूचं कारण या रकान्यात तुमचे पूर्वज प्रामुख्यानं ‘ताप’ या एकाच गोष्टीनं मेलेले आढळतील. क्वचित पटकी, देवी, सर्पदंश. सर्पदंशाचा पूर्वज मिळाला तर पुतणे खूश होतात. जन्माच्या पानांवर मात्र पुष्कळदा बारशाआधीचीच नोंद असते: बापाचं नाव, जात आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. त्याच वर्षीच्या मृत्यूच्या पानावर तसंच एक ‘मुलगी’ दिसतं. ही दोन्ही पानं शेजारी ठेवून बघितल्यावर वंशवृक्षाच्या चित्रात कुठे काय काढायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

ज्यांना सातबारा नाही त्यांनी

इथे मार्गदर्शिकेला जरा खाकरावं लागतं. जमीन नव्हती त्याच्याजवळ कागद नाही, आणि जात पडताळणीसाठी सरकार जुना कागद सगळ्यांत आग्रहानं मागतं ते त्याच्याचकडे. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्याचा आजोबा पालावर जन्मला आणि पालावर गेला, त्यानं जन्मनोंद आणावी कुठून, हे त्या अर्जात लिहिलेलं नसतं.

आणि तरीही सरकारला कुणावर संशय असला की ते किती बारकाईनं लिहितं, हे बघण्यासारखं आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली ज्यांना जन्मतःच चोर ठरवलं, त्यांची नावं, हजेऱ्या आणि हालचाली पोलिसांनी टिपून ठेवल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत राहिलेल्या कुटुंबांचा माग त्यामुळे काही ठिकाणी एखाद्या इनामदारापेक्षा बरा लागतो. असा दस्तऐवज कुणाला हवा होता, असा प्रश्न पडतो. पण शोधणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येत नाही. सैन्यात गेलेले, गिरणीत लागलेले, मिशनच्या शाळेत बसलेले, या सगळ्यांचे कागद अशाच कडेकडेच्या कपाटांत असतात. जुन्या पलटणींच्या याद्यांत नावाच्या शेवटी ‘नाक’ दिसलं तर महार घराण्यांनी तिथे थांबावं.

मोडी, आणि सहा साठ शंभर हजार

एकोणिसाव्या शतकात शिरलात की देवनागरी संपते. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरं लोंबवत जातो. ऱ्हस्व-दीर्घाची चैन नाही, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही. वाक्य कुठे संपलं हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं आणि तो गेला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेतून गेली ती गेलीच. मग सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं जुन्या दफ्तरांत कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, आणि इतकी वर्षं ज्यांना कुणी चहाला विचारत नव्हतं त्या मोडी वाचकांचे फोन सतत वाजू लागले. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. नवशिक्यानं तिथे बसावं. वर्ग संपल्यावर छापल्यासारखी सुबक मोडी वाचता येते. तुमच्या गावचा कुलकर्णी सुबक लिहीत नसे.

अक्षर लागलं तरी साल लागत नाही. पेशवाईतल्या कागदावर ‘सन सीत सितैन मया व अलफ’ असं लिहिलेलं भेटेल. हा मंत्र नाही, आकडा आहे, आणि तो एककाकडून सुरू होतो: सीत सहा, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६६. हे सुहूर सन. त्यात ५९९ मिळवा, १७६५-६६ येतं. मृग लागला की वर्ष बदलतं म्हणून एक पाय पुढच्या वर्षात. फसलीत ५९० मिळवा, शकात ७८. ‘छ’ दिसलं तर चंद्र, पुढे मुसलमानी महिना. ब्राह्मणानं ब्राह्मणाला लिहिलेल्या कागदावर मोहरम आणि सफर बघून दचकू नका. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

संवत्सराच्या नावाचा खास सापळा आहे. शके १७०० विलंबी नाम संवत्सर होतं. कागदाचा कोपरा वाळवीनं खाल्ला आणि नुसतं ‘विलंबी’ उरलं, तर तेच नाव साठ वर्षांनी परत येतं. साठ वर्षांत साधारण दोन पिढ्या होतात. म्हणजे आजोबा राघू आणि नातू राघू दोघेही विलंबी संवत्सरात बैल विकत घेऊ शकतात. कुठला बैल कोणाचा, यावर शहाणी माणसं आयुष्य घालवून बसली आहेत.

वाद, आणि फक्त वाद

आता मूळ विषय. पूर्वज खऱ्या अर्थानं जिवंत भेटतो तो वतनाच्या तंट्यात. पाटीलकी कुणाची, कुलकर्ण कुणाचं, होळीची पोळी कुणाची आधी, पोळ्याला बैल कुणाचा पुढे, विडा आधी कुणाला, कागदावर नाव कुणाचं वर. आज आपल्याला यात भांडण्यासारखं काही दिसत नाही, कारण आपली भांडणं पार्किंगच्या जागेवर येऊन ठेपली आहेत. त्या माणसांनी मात्र त्यासाठी पिढ्यान् पिढ्या खर्ची घातल्या. वादाला बसलं की प्रत्येक पक्षाला आपला करीना सादर करावा लागे: आमचा मूळ अमका, त्याचे लेक तिघे, थोरला परागंदा झाला, मधल्याचा वंश खुंटला, धाकट्यानं दुष्काळात अर्धी पाटीलकी इतक्या रुपयांस विकली, ती फिरून सोडवली, त्या सालापासून हे हरामखोर आमच्या मानात हात घालतात. कोणत्याही कुलवृत्तांतात सापडणार नाही असा प्रामाणिक कुटुंबेतिहास रागाच्या भरात माणूस सांगतो. नंतर गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. खाली सह्या नाहीत, निशाण्या: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचं हत्यार. तुमच्या पूर्वजाचा हात लागलेली ती एकच रेघ असू शकते. तिच्यापुढे बराच वेळ बसून राहिलात तर दफ्तरखान्यातल्या शिपायालाही त्याची सवय असते.

साक्षीपुराव्यानं निकाल लागला नाही तर दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचा, हात बांधून मोहर लावायची, काही दिवसांनी उघडून बघायचं. हात भाजला तर वतन खोटं. या निकालपद्धतीवर आज टीका करणं सोपं आहे. पण करीन्यात ‘रवा काढून खरा जाहला’ असा पणजोबाचा पणजोबा मिळाला, की टीका करणारे वंशज ती ओळ चौकटीत लावतात.

यात खोटंही भरपूर आहे. वादी आणि प्रतिवादी दोघेही एकाच मूळपुरुषाचे थोरले वंशज असल्याचे कागद हजर करतात, तेव्हा एकाच्या हातात बनावट कागद आहे, एवढं तरी नक्की. प्रतिपक्षाचा करीनाही वाचा. तुमच्या माणसाबद्दल घरात जे कधीच सांगितलं गेलं नाही ते तिथे दोन ओळींत असतं.

इंग्रज आले आणि वंशशोधकांची चांदी झाली. इनाम कमिशननं, विशेषतः १८५२ च्या कायद्यानंतर, प्रत्येक इनामदाराला विचारलं: तुझं इनाम कुणी दिलं, कशाबद्दल, आणि तू त्याचा कोण? घाबरून लोकांनी कैफियती लिहून दिल्या आणि सोबत कुर्सीनामे, म्हणजे वंशावळी, जोडले. पुष्कळांची इनामं गेली, कुर्सीनामे राहिले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हे सगळं रुमालांत बांधून ठेवलेलं आहे. त्यातला निवडक भाग गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत छापला. तुमचं घराणं त्या ४५ खंडांत नसण्याची शक्यताच मोठी, तेव्हा खंड चाळून निराश होऊन घरी जाऊ नका; न छापलेले रुमाल कोट्यवधी कागदांचे आहेत. ‘एक राजवाडे म्हणून गृहस्थ येऊन आमचं दफ्तर बघून गेले होते’ असं घरात कुणी म्हणालं तर कान टवकारा. वि. का. राजवाडे असेच घरोघरचे उंबरे झिजवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनं’ मिळवत फिरले आणि १८९८ पासून छापत गेले. असा कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचारावा.

उपाध्ये, हेळवी आणि छापील पुस्तक

दफ्तराचा कंटाळा आला तर तीर्थाला जा. नाशिक, त्र्यंबक, पैठण, काशी, प्रयाग, गया इथे तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या वह्या आहेत. ‘गाव कोणतं?’ असं विचारलं की मूळ गाव सांगायचं. ठाणे पश्चिम सांगितलंत तर कोणतीही वही उघडणार नाही. मूळ गाव आणि आडनाव जुळलं की पान निघतं: अमक्या साली अमका आला, आईच्या अस्थी घेऊन, बरोबर भाऊ दोन, चुलतभाऊ एक. चुलतभावाचं नाव तुम्ही पहिल्यांदाच ऐकत असता. खाली त्याच्या हातची सही असते. इथे भांडण नाही, म्हणून माहिती थोडी, पण घरच्या लोकांनी स्वतः सांगितलेली आणि खोटं बोलायचं कारण नसलेली. जाताना तुमच्याकडूनही नोंद करून घेतील. त्यात बहिणीचं नाव घालायला सांगा. उपाध्ये क्षणभर थांबतात, पण घालतात.

सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्यांनी घरीच बसावं. सुगी झाली की हेळवी येतो आणि दारात उभा राहून पिढ्या म्हणतो. मागच्या खेपेनंतर घरात कोण जन्मलं, कोण गेलं, ते नोंदवून घेतो आणि धान्य घेऊन जातो. तो तुमच्या घराण्याची स्तुती करेल, शेजाऱ्याच्या दारात तीच स्तुती करेल. ती वगळून फक्त नावं लिहून घ्या.

छापील कुलवृत्तांत सगळ्यांत सोपे आणि म्हणून सगळ्यांत कमी कामाचे. त्यात प्रत्येक इसम मॅट्रिक होऊन रेल्वेत लागतो, त्याचा स्वभाव शांत असतो, त्याला गायनाची आवड असते. ‘तापट’ असा शब्द हजार पानांत एकदाही येत नाही, हे आपल्या लोकांच्या बाबतीत संभवनीय आहे का? दत्तक गेलेल्यांच्या खुणा मात्र नीट बघा. दत्तकाची तुटक रेघ मुद्रितशोधनात सुटली की माणूस एका बापाकडून दुसऱ्याकडे कायमचा जातो. आणि पुस्तक छापणं परवडत नसेल तर भिंतीवर कोरून घ्यावं. सरफोजी राजांनी १८०३ साली तंजावरच्या बृहदीश्वराच्या मंदिरावर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरवून घेतला. सोसायटीची परवानगी मिळाली तर हा उपाय करून बघण्यासारखा आहे.

जे गेले त्यांचं

प्रत्येक कोकणी घरात एक जण ‘बोटीत बसून गेला तो परत आला नाही’ असा असतो. त्याला शोधणं उरलेल्यांपेक्षा सोपं आहे. मुंबईच्या बंदरातून करारावर मॉरिशसला गेलेल्या मजुरांची नोंद तिथल्या वसाहत सरकारनं फार काळजीनं केली, आणि ती आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे: क्रमांक, बोट, वय, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरच्या खुणा, पुढच्या काळात छायाचित्रसुद्धा. उसाच्या मळ्यातून पळून गेला तर ओळखता यावा म्हणून. गावात मागे राहिलेल्या भावाची उंची कुणीच मोजली नाही. आज मॉरिशसचे मराठी लोक तो कागद हातात घेऊन गाव शोधत येतात, आणि इथला वंशज त्यांच्याकडे बघून आधी विचार करतो: हे हिस्सा मागायला तर आले नाहीत?

हरकती

वंशावळ तयार झाली की ती लगेच पक्की करू नका. फेरफार मंजूर होण्याआधी तलाठी नोटीस काढतो, चावडीवर लावतो आणि पंधरा दिवस हरकतींची वाट बघतो. तुम्हीही तेच करा. प्रत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि फोन उलटा ठेवून झोपा. सकाळी हरकती आलेल्या असतील. पानिपतवाला कुठे गेला? पहिल्या बायकोचं नाव घालायची काय गरज होती? बांध कोरल्याबद्दल दंड झाला तो आमचा आजोबा नव्हे, तुमचा. दत्तकाचं उघड लिहून कोणाचं भलं झालं? आत्या तोंडी हरकत घेईल, कारण तिनं सांगितलेल्यातलं निम्मंच तुम्ही लिहिलंत.

यातली एकही हरकत मान्य करू नका, आणि एकही पुसू नका. तलाठ्याकडे विवादग्रस्त प्रकरणांची वेगळी नोंदवही असते, गाव नमुना सहा-अ. तशी एक वही घाला. कोणी, कोणत्या तारखेला, काय म्हटलं, ते त्याच्याच शब्दांत उतरवा. शिव्या गाळू नका. खाली सही घ्या. काका सही द्यायला तयार होणार नाहीत. मग तेही लिहा, ‘सही देण्यास नकार दिला’, आणि दोन साक्षीदार घ्या. वही चांगल्या कागदाची असावी, शाई पाण्यानं न फुटणारी. शंभर वर्षांनी तुमच्या पणतूला तुमच्या पिढीबद्दल जे काही कळायचं आहे ते या वहीतून कळणार आहे. वंशावळ तो फारशी बघणार नाही.